खतावणीत नसलेले नाव

दिवाळीत आपल्याकडे वह्यांची पूजा होते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी म्हणा, पाडव्याच्या सकाळी म्हणा, नव्या कोऱ्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, 'श्री' लिहिला जातो आणि मग वर्षभर कोणाचे किती देणे, कोणाकडून किती येणे, याचा हिशेब त्या वहीत बसतो. आता हिशेब संगणकावर होतात हे खरे; पण पूजेला अजून वहीच लागते. आडत्याच्या हातातली खतावणी पाहिली की मला त्या शब्दाची गंमत वाटते. खत म्हणजे जमिनीला घालायचे खत, आणि खत म्हणजे कर्जाचा कागदही. भाषेने ही दोन्ही एकाच शब्दात कोंडली आहेत, आणि शेतकऱ्याच्या आयुष्यातही ती एकमेकांपासून फार दूर कधी गेलेली नाहीत.

आमच्या लातूर-नांदेडकडची दिवाळी गेली वीस-पंचवीस वर्षे बहुतेक सोयाबीनच्या पैशावर होते. दसऱ्याच्या आगेमागे काढणी, मग मळणीयंत्राची वाट पाहणे, मग मोंढ्यात काटा, आणि हाती पडणारी हिशेबाची पट्टी. त्या पट्टीतून मुलांचे कपडे निघतात, दुकानाची उधारी फिटते, लेकीची दिवाळी होते. खर्चाच्या बाजूला बियाणे, खत, फवारणी, मजुरी, मळणी, हमाली, तोलाई अशी सगळी नावे असतात. मात्र ज्याने सोयाबीनच्या मुळाशी बसून दोन-अडीच महिने राबणूक केली, त्याचे नाव कुठल्याच बाजूला नसते. तो कोण, आणि त्याचे आपण काही देणे लागतो काय, एवढाच प्रश्न या लेखात मला मांडायचा आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. तेव्हा शास्त्राचे जे सांगेन ते शाळेत मुलांना सांगतो त्याच रीतीने, पायरी न सोडता सांगेन.

सोयाबीनचे, तुरीचे किंवा हरभऱ्याचे झाड ऐन वाढीत असताना हलक्या हाताने उपटले, तर मुळांवर मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात. नवखा माणूस म्हणेल, मुळाला रोग झाला. प्रत्यक्षात त्या गाठीत रायझोबियम कुळातले जिवाणू राहतात. आपण श्वासात घेतो त्या हवेचा ७८ टक्के भाग नत्र असतो. झाडाला नत्राची भूक फार; पण हवेतला नत्र त्याला घेता येत नाही. भरल्या कोठाराला कुलूप असावे आणि किल्ली नसावी, तशी झाडाची अवस्था असते. ती किल्ली या जिवाणूपाशी आहे. मुळातून काही द्रव्ये पाझरतात, जिवाणू ती ओळखतो आणि आपली खूण पाठवतो. मग मुळाचा बारीक केस वळतो आणि त्याला आत घेतो. आत गेल्यावर तो हवेतला नत्र झाडाला चालेल अशा रूपात आणून देतो आणि झाड त्याला आपल्या पानात तयार झालेली साखर देते.

माणसाला हे काम कारखान्यात जमले ते विसाव्या शतकात. फ्रिट्झ हाबर याने १९०९ मध्ये प्रयोगशाळेत हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊ येथे त्याचा कारखाना सुरू झाला. त्याला ४०० ते ५०० अंश उष्णता आणि वातावरणाच्या २०० पट दाब लागे. आपल्या युरियाच्या गोणीचे मूळ त्या भट्टीत आहे. तेच काम हा जिवाणू आमच्या काळ्या रानात, श्रावणातल्या ओल्या मातीत, आवाज न करता करतो.

आपल्या शेतकऱ्याला याचा पत्ता नव्हता असे नाही. त्याच्यापाशी त्यासाठी एक शब्द आहे, 'बेवड'. मुगाचा बेवड चांगला, म्हणजे मूग निघाल्यावर त्या रानात रब्बीची ज्वारी चांगली येते. तुरीचा बेवडही तसाच. कारण ठाऊक नव्हते, पण परिणाम पिढ्यानपिढ्या ठाऊक होता. कारण सांगितले जर्मनीतल्या हेलरीगेल याने, १८८६ साली बर्लिनच्या एका शास्त्रीय सभेत. द्विदल पिकाला हवेतला नत्र मिळतो तो या गाठींमुळे, हे त्याने आणि त्याचा सहकारी विल्फार्ट याने दाखवून दिले. दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, हॉलंडच्या बायरिंक याने गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवला. आज कृषी विद्यापीठातून किंवा दुकानातून जिवाणू खताचा जो पुडा मिळतो, त्याची वंशावळ तिथे सुरू होते.

हे सगळे मी एकदा मोंढ्यातल्या एका स्नेह्यांना सांगत होतो. गृहस्थ हिशेबी, पण मनाचे मोकळे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "गुरुजी, यात उपकार कशाचे हो? तेबी पोटासाठीच करायलंय की. साखर घेतंय, नत्र देतंय. सौदा झाला. सौद्यात उपकार मांडत नसतेत."

त्यांचे म्हणणे सहज बाजूला सारण्यासारखे नव्हते. त्यांना ठाऊक नव्हता असा पुरावाही त्यांच्याच बाजूने आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात टोबी कीर्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, आणि योगायोग असा की तो सोयाबीनवरच होता. त्यांनी काही गाठींभोवतीच्या हवेतला नत्र काढून त्याजागी आरगॉन वायू भरला. जिवाणू होते तेच, पण नत्रच नसल्यामुळे त्यांना झाडाला काही देता येईना. तेव्हा झाडाने काय करावे? त्याने त्या गाठींचा प्राणवायू आखडता घेतला, आणि तिथल्या जिवाणूंची वाढ खुंटली. काम नाही तर दाम नाही! मोंढ्यातला कडक मालकसुद्धा याहून निराळे काय करील?

उलट बाजूही तशीच. रानात नत्र आयता भरपूर पडला की झाड गाठी कमी धरते. युरिया फुकटात दाराशी आल्यावर जिवाणूला साखर कोण पोसणार? आयते मिळू लागले की जुने नाते सैल होते, ही गोष्ट माणसाच्या घरातच घडते असे नाही.

मग हे नाते शुद्ध व्यवहाराचे, असेच म्हणायचे ना? जरूर म्हणावे. या सूक्ष्म जीवांच्या अंगी प्रेम, त्याग, परोपकार असले गुण चिकटवण्याची मला हौस नाही. लिहिताना तो मोह फार होतो. कादंबरी लिहिणाऱ्याला तर पात्राचा हेतू कळल्याखेरीज झोप येत नाही, आणि जिथे हेतू नाही तिथेही तो घालण्याची त्याला सवय असते. पण जिवाणूला हेतू नाही. तो मला ओळखत नाही, माझ्या मुलाच्या शाळेची फी भरायची आहे हे त्याला ठाऊक नाही. प्रश्न पुढे आहे: ज्याने उपकाराच्या बुद्धीने काही केले नाही, त्याचे ऋण लागते काय?

लागत नाही असे म्हणणाऱ्याला मी त्याच रानातली दुसरी गोष्ट दाखवीन. तुरीला मर रोग येतो. हिरवेगार झाड फुलोऱ्यात असताना अचानक माना टाकते; खोड चिरून पाहावे तर आत काळपट रेषा. ही करणी फ्युजॅरियम नावाच्या एका बुरशीची. ती मातीत वर्षानुवर्षे टिकून राहते. लातूरच्या डाळ मिलांपर्यंत जी तूर पोहोचते, ती या बुरशीच्या तावडीतून सुटून आलेली असते. आता, या बुरशीच्या मनात शेतकऱ्याविषयी काही वैर असते काय? मुळीच नाही. तीही बिचारी पोटासाठीच करते. पण तिला शत्रू म्हणताना आपण तिच्या हेतूची चौकशी करीत नाही. तिचा बंदोबस्त करताना आपला हात अडखळत नाही.

म्हणजे नुकसान करणाऱ्याचा हेतू न पाहता आपण त्याच्या नावावर वैर मांडतो. आणि लाभ करणाऱ्याचा मात्र आधी हेतू तपासतो, तो शुद्ध परोपकाराचा निघाला नाही की देणे रद्द करतो. हा कुठल्या वहीचा न्याय? एका पानावर एक माप आणि दुसऱ्या पानावर दुसरे, असे मोंढ्यात कोणी केले तर त्याला आपण काय म्हणतो, हे मी सांगायला नको. माझ्या मते ऋण हे देणाऱ्याच्या मनावरून ठरत नाही, घेणाऱ्याच्या पदरात काय पडले यावरून ठरते. मी स्वतः पगारी मास्तर आहे. महिन्याचा पगार घेतो आणि मुलांना शिकवतो, हाही सौदाच. तरीही वीस वर्षांनी एखादा विद्यार्थी रस्त्यात थांबून वाकतो, तेव्हा तो माझ्या पगाराचा हिशेब करीत नसतो. त्याला जे मिळाले ते त्याने दिलेल्या फीपेक्षा मोठे होते, एवढेच त्याला ठाऊक असते. सौदा पुरा झाल्यावरही जे शिल्लक उरते, त्याचेच नाव ऋण.

शत्रू आणि मित्र ही नावेही आपणच, आपल्या कुंपणाच्या आतून, ठेवलेली असतात. कापूस पेरणाऱ्या आमच्या भागात 'बीटी' हा शब्द लहान पोरालाही ठाऊक आहे. एके काळी गाजलेला नांदेड ४४ हा संकरित कापूस मागे पडला आणि २००२ नंतर जिकडे तिकडे बीटी झाले. पण बीटी हे एका जिवाणूच्या नावाचे संक्षिप्त रूप आहे, हे किती जणांना माहीत असते? बॅसिलस थुरिंजिएन्सिस. तो प्रथम सापडला जपानात, १९०१ साली, इशिवाता नावाच्या शास्त्रज्ञाला, आणि तोही गुन्हेगार म्हणून. कारण तो रेशमाचे किडे मारीत होता. पुढे १९११ मध्ये जर्मनीतल्या थुरिंजिया प्रांतात बर्लिनर याला तो पिठातल्या पतंगाच्या अळीत सापडला आणि त्या प्रांताचे नाव त्याला चिकटले. रेशीम करणाऱ्याचा तो वैरी, कापूस करणाऱ्याचा सोयरा. त्याच्या ठायी काहीच बदलले नव्हते, बदलला होता तो पाहणारा. माणसाने त्याचा विषगुण उचलून कापसाच्या बियाण्यात घातला. काही वर्षे निभावले. पुढे गुलाबी बोंडअळीच त्या विषाला सरावली. मित्र मिळाला म्हणून त्याच्यावर सगळा भार टाकून आपण निजून राहावे, हे त्यालाही मानवत नाही.

ऋण आहे असे मानले, तर ते फेडायचे कसे? लातूर-धाराशिवकडे आणि नांदेडच्या काही तालुक्यांत वेळा अमावस्या असते, तिला आम्ही येळवस म्हणतो. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि रानात माणसे मावत नाहीत. कडब्याची कोप, तिच्यात चुन्याने रंगवलेले पांडव, भज्जी, उंडे, आणि मडक्यातली गार आंबील. पूजा झाली की ती आंबील पिकावर शिंपडतात. आंबीलही आंबते ती जिवाणूंमुळेच. म्हणून कोणी उत्साहाने सांगू लागेल की पाहा, आमच्या वाडवडिलांना जिवाणू शास्त्र ठाऊक होते. तसे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. वाडवडिलांना ठाऊक होती ती कृतज्ञता, आणि तेवढी पुरेशी आहे. तिला प्रयोगशाळेचे प्रशस्तिपत्र लागत नाही.

परंतु येळवशीला रानाच्या पाया पडायचे, आणि पुढे त्याच रानातले धसकट आणि पऱ्हाटी बांधावर ढीग घालून पेटवून द्यायची, याला काय म्हणावे? एक ग्रॅम चांगल्या मातीत कोट्यवधी जिवाणू राहतात. त्यांचे अन्न म्हणजे हाच पालापाचोळा, हेच कुजणारे मूळ. पाहुण्याला ओवाळायचे आणि त्याच्यापुढचे ताट ओढून घ्यायचे, असा हा प्रकार झाला. जिवाणूचे देणे हळदकुंकवाने फिटत नाही. ते फिटते त्याला राहण्याजोगी जागा ठेवल्याने.

त्याच्या अटी फार नाहीत. २५० ग्रॅमचा पुडा गुळाच्या पाण्यात कालवून दहा किलो बियाण्याला हलक्या हाताने चोळावा, बियाणे सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. बुरशीचे औषध लावायचे असेल तर ते आधी, कीटकनाशक त्यानंतर, आणि जिवाणू शेवटी. विषाबरोबर त्याला एकाच भांड्यात कालवू नये. हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनला चालत नाही, ज्याचा त्याला द्यावा. ऊन त्याला सोसत नाही. एवढा शिष्टाचार पाळला की झाले.

इथेच खरा नैतिक प्रश्न उभा राहतो, आणि तो जिवाणूचा नाही, माणसाचा आहे. २००६ मध्ये सरकारने जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाखाली आणली. भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी आणि द्रवरूप खताच्या एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावेत, असे माप ठरले. पण हे माप शेतकऱ्याने मोजायचे कसे? ज्वारीत खडे असले तर दिसतात, दुधात पाणी घातले तर जिभेला कळते. जिवाणू जिवंत आहेत की मेलेले, हे पुडा हातात घेऊन ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. माझ्या मेहुण्याने एका वर्षी तालुक्याच्या एका दुकानातून असे पुडे आणले. मृगाच्या आधीच्या उन्हात ते दुकानाच्या दाराशी, खोक्यात उघडे पडलेले होते. पुढे मी त्याच्याबरोबर सोयाबीनची झाडे उपटून पाहिली. गाठी मोजक्या, आणि फोडल्या तर आत पांढऱ्या. पुडा मेलेलाच होता हे सिद्ध करायला आमच्यापाशी सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हते, आणि दुकानदाराला तरी काय विचारणार? मेहुणा एवढेच म्हणाला, "दाजी, समदं थोतांड हाय बगा." दुसऱ्या वर्षापासून त्याने पुन्हा युरियाची गोणी धरली.

या व्यवहारात गेले काय? पुड्याची किंमत क्षुल्लक. गेला तो विश्वास. ज्या गोष्टीची खात्री डोळ्यांनी करता येत नाही, तिचा सगळा व्यापार विश्वासावर चालतो. शिक्षण तसे आहे, औषध तसे आहे, आणि मातीतले हे जिवाणूही तसेच आहेत. मुके जीव तक्रार करीत नाहीत, आणि ज्याला फसवले गेल्याचे कळतच नाही तो माणूसही तक्रार करीत नाही. माणसाच्या सचोटीची कसोटी पोलिसाच्या समोर लागत नाही; ती लागते जिथे तक्रार येण्याचा संभवच नाही तिथे.

याच सचोटीची दुसरी बाजू स्तुतीला लागू आहे. ज्याचे ऋण मानायचे, त्याच्याविषयी खोटे बोलू नये. जिवाणू हा पावसाला पर्याय नाही. रानात त्या पिकाचे जिवाणू आधीच भरपूर असतील, तर पुड्याचा फरक डोळ्यांत भरेल असे नाही. तुरीच्या मर रोगाला बदनापूरच्या संशोधन केंद्रातून आलेल्या बीएसएमआर ७३६ सारख्या प्रतिकारक वाणाचा आधार लागतो, फेरपालट लागते. बियाण्याला चोळायची ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी त्यात मदत करते, एकटी किल्ला लढवत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात उपयुक्त बुरशी आणि जिवाणू एकत्र करून 'बायोमिक्स' तयार होते; अर्धापूरकडच्या हळदवाल्यांना ते कंदकुजीच्या निमित्ताने चांगले परिचित आहे. पण तेही पाणी साचणाऱ्या रानात ओतून स्वस्थ बसण्यासाठी नाही. मातीतले काही जिवाणू लोह आपल्याकडे ओढून घेतात आणि रोगट बुरशीला उपाशी ठेवतात. काही झाडाला आधीच सावध करतात. ही राखण आहे, जादू नव्हे. राखणदाराला जादूगार म्हणून मिरवले की एक दिवस लोक त्याला लबाड म्हणतात, आणि तो दोष त्याचा नसतो.

मोंढ्यातल्या माझ्या स्नेह्यांना मी शेवटी एवढेच म्हणालो, "सौदा तर सौदा. पण सौद्यातसुद्धा दुसऱ्या बाजूचे नाव वहीत लिहावे लागते की नाही?" ते हसले, आणि म्हणाले, "तेवढं मात्र खरं हाय."

दिवाळीचे दिवस म्हणजे आमच्याकडे हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस. सुटीला गावाकडे आलेली शहरातली मुले या दिवसांत रानात हिंडतात. त्यांना एक काम सांगावेसे वाटते. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने पुन्हा गावी याल तेव्हा हरभऱ्याचे एक झाड मातीसकट हलकेच उपटा, मूळ पाण्यात धुवा आणि एक गाठ नखाने फोडून पाहा. आत गुलाबी-तांबूस रंग दिसला तर समजा, काम चालू आहे. तो रंग ज्या द्रव्याचा, ते आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे भावंड आहे. जिवाणूला हवा तेवढाच प्राणवायू पुरवायचा आणि नत्राचे काम बिघडू द्यायचे नाही, एवढे त्याचे काम. आणि गाठ पांढरी निघाली, तर घरातल्या मोठ्या माणसाला हाक मारून विचारा, पुडा कुठून आणला, कुठे ठेवला होता, आणि मागच्या वर्षीचे धसकट कोणी जाळले.